स्थानिक स्वराज्य संस्थांची सुरक्षा सेवा खरेदी (महाराष्ट्र)

सुरक्षा सेवा खरेदी म्हणजे महानगरपालिका, नगरपरिषदा व नगरपंचायतींनी आपल्या रुग्णालये, शाळा, जलशुद्धीकरण केंद्रे, उद्याने, स्मशानभूमी, गोदामे इत्यादी मालमत्तांसाठी बाहेरील यंत्रणेकडून सुरक्षारक्षक मिळवण्याची प्रक्रिया होय. या सेवेच्या खर्चाचा मोठा भाग रक्षकांच्या वेतनाचा असल्याने तिचे नियम वस्तू खरेदीपेक्षा कामगार कायद्यांशी अधिक निगडित आहेत.

रक्षक मिळवण्याचे मार्ग

बृहन्मुंबई महानगरपालिकेसारख्या काही संस्थांकडे स्वतःचे सुरक्षा खाते आहे. त्याखेरीज राज्यात मुख्यतः तीन मार्ग उपलब्ध आहेत.

* सुरक्षारक्षक मंडळ : महाराष्ट्र खाजगी सुरक्षारक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९८१ अन्वये स्थापन झालेली मंडळे रक्षकांची नोंदणी करून ते आस्थापनांना पुरवतात. वेतन व लाभांची रक्कम आस्थापना मंडळाकडे भरते आणि मंडळ ती रक्षकांना देते.
* महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळ : २०१० च्या अधिनियमान्वये स्थापन झालेले शासकीय महामंडळ.
* खाजगी एजन्सी : यांना खाजगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) अधिनियम, २००५ नुसार परवाना आवश्यक असतो. परवान्याची मुदत पाच वर्षे असते.

पहिल्या दोन मार्गांत दर पुरवठादार संस्था ठरवते; तिसऱ्यात तो निविदेतून ठरतो.

मनुष्यबळाचा हिशेब

निविदेपूर्वी संबंधित विभाग प्रत्येक ठिकाणची पाहणी करून रक्षकांची संख्या निश्चित करतो. एका जागी चोवीस तास पहारा ठेवायचा असल्यास आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे आठवड्याला २१ पाळ्या भराव्या लागतात. साप्ताहिक सुटी धरता एक रक्षक सहाच पाळ्या करू शकतो. त्यामुळे एका जागेसाठी तीन नव्हे, तर साडेतीन रक्षकांचा खर्च धरावा लागतो. रजा व सणांच्या सुट्या वेगळ्या. अंदाजपत्रकात बदली रक्षक न धरल्यास उपलब्ध रक्षकांवर बारा तासांची पाळी येते किंवा जागा रिकामी राहते.

निविदा प्रक्रिया

निविदा राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर प्रसिद्ध होते. तांत्रिक लिफाफ्यात परवाना, अनुभव, उलाढाल, भविष्य निर्वाह निधी व कर्मचारी राज्य विमा नोंदणी यांची कागदपत्रे तपासली जातात. त्यात पात्र ठरलेल्यांचेच दर उघडले जातात. महानगरपालिकेत ठरावीक मर्यादेपलीकडील करारास स्थायी समितीची मंजुरी लागते. त्यानंतर सुरक्षा अनामत घेऊन कार्यादेश दिला जातो.

न्यूनतम दराची कसोटी येथे अपुरी पडते. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा १२ टक्के आणि राज्य विम्यातील ३.२५ टक्के वाटा कायद्याने ठरलेला असल्याने स्पर्धेला प्रामुख्याने सेवाशुल्कच उरते. हे शुल्क नाममात्र लावून काम मिळवल्यास गणवेश, प्रशिक्षण व देखरेखीचा खर्च कोठून भागवायचा, हा प्रश्न निर्माण होतो; तो रक्षकांच्या वेतनातून वसूल होण्याचा धोका असतो. म्हणून निविदेत वैधानिक देणी वेगळी दाखवून त्यांपेक्षा कमी दर अपात्र ठरवण्याची अट घातली जाते.

देयके आणि उत्तरदायित्व

कंत्राटी कामगार अधिनियम, १९७० ने मुख्य मालकाच्या जबाबदारीचे तत्त्व रूढ केले. कंत्राटदाराने वेतन न दिल्यास किंवा कमी दिल्यास ते मुख्य मालकाने द्यावे आणि कंत्राटदाराकडून वसूल करावे, असे हे तत्त्व आहे. सुरक्षा करारात स्थानिक संस्था ही मुख्य मालक ठरते. त्यामुळे मासिक देयक मंजूर करण्यापूर्वी हजेरीपट, रक्षकांच्या बँक खात्यांत वेतन जमा झाल्याचा पुरावा आणि निधी व विम्याची चलने यांचा मेळ घातला जातो. गैरहजर पाळ्यांबद्दल दंड आकारण्याची तरतूदही करारात असते.