दीड टन कशाचा?



आजचा विषय घरातला आहे, आणि तो माझ्याकडे फोनवरून आला. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. गेल्या डिसेंबरात त्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, मी घरी हीट पंप बसवला. भिंतीला भोक पाडलं, आतला डबा आत लावला, बाहेरचा बाहेर ठेवला, नळ्या जोडल्या. दोन दिवसांत खोली गरम. सगळं माझं मी केलं. तुम्ही तिकडे मीरा रोडला दर उन्हाळ्यात मेकॅनिकची वाट कशाला बघत बसता? तुम्हीपण स्वतः बसवा."

मी म्हटलं, विचार करून सांगतो. आता तत्त्वज्ञानाच्या माणसाने विचार करून सांगतो म्हटलं की त्याला काही महिने लागतात, आणि उत्तर व्याख्यानाएवढं होतं. ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

मी दुकानात गेलो. विक्रेत्याने पहिला प्रश्न विचारला, "काका, एक टन की दीड टन?" मी त्यालाच विचारलं, "दीड टन कशाचा?" तो हसला. म्हणाला, "काका, कूलिंगचा." पण टन हे तर वजनाचं माप. थंडावा कधीपासून वजनावर मिळायला लागला? या प्रश्नाच्या उत्तरातच आपला इतिहास आहे.

तो टन बर्फाचा आहे. दोन हजार पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत पूर्ण वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीतून काढणारं यंत्र म्हणजे एक टनाचा एसी. आजच्या मापात सुमारे साडेतीन किलोवॅट. म्हणजे दीड टनाचा एसी दिवसभर पूर्ण जोराने चालवला, तर तो तुमच्या खोलीत रोज तेराशे-साडेतेराशे किलो बर्फ आणून वितळवल्याएवढं काम करतो. बर्फ गेला, त्याचं माप तेवढं मागे राहिलं.

आणि हा बर्फ आपल्याकडे खरोखरच आणला जात होता. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने 'टस्कनी' नावाच्या जहाजातून कलकत्त्याला बर्फ पाठवला. तिकडच्या तळ्यांवर हिवाळ्यात गोठलेला बर्फ करवतीने कापायचा, लाकडाच्या भुशात बांधायचा आणि चार महिने समुद्रातून आणायचा. १८० टन निघाला, त्यातला शंभर टनांच्या आसपास पोचला. पुढच्याच वर्षी मुंबईतही हा बर्फ आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमानांसकट पाहुण्यांनाही सर्दी झाली, ही हकिकत प्रसिद्धच आहे. मद्रासचं बर्फघर तर अजून उभं आहे, आज ते विवेकानंदांच्या नावाने ओळखलं जातं.

हा बर्फ कापणारा कोण, गलबतातून उतरवणारा कोण, हे मेजवानीतल्या पाहुण्याला दिसत नव्हतं. पण त्याच काळातला दुसरा थंडावा मात्र अगदी डोळ्यांसमोर होता, तो म्हणजे छताचा पंखा. कापडाचा मोठा झालर-पंखा, त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर, आणि बाहेर व्हरांड्यात बसून ती दोरी ओढणारा पंखेवाला. आत कचेरीत साहेबाला वारा, बाहेर त्याला घाम. भिंतीला भोक, आत गारवा, बाहेर उष्मा. भाच्याच्या हीट पंपाची रचना जवळपास अशीच आहे, नाही का?

आता यंत्राकडे येऊ. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका छापखान्याची अडचण होती. दमट हवेत कागद फुगायचा, रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने हवेतला ओलावा आवरणारं यंत्र आखलं. आणि 'एअर कंडिशनिंग' हा शब्द १९०६ साली स्टुअर्ट क्रेमरने वापरला तो सूतगिरण्यांसाठी. तिथे उलट गरज होती: हवा कोरडी पडली की सूत तुटतं. आपल्या गिरणगावातल्या वृद्धांना हे सांगायला नको. गिरणीत हवा दमट ठेवायचे ती धाग्यासाठी, माणसासाठी नव्हे. माणूस त्या वाफेत आठ-दहा तास उभा असायचा. म्हणजे वातानुकूलन जन्माला आलं ते कागदाच्या आणि सुताच्या सोयीसाठी. माणसाचा नंबर नंतर लागला.

मुंबईत तो लागला सिनेमागृहात. कुलाब्याचं रीगल १९३३ साली उघडलं, ते वातानुकूलित होतं. १९३४ साली फ्रंटियर मेलला वातानुकूलित डबा जोडला गेला. त्यात बर्फाच्या लाद्या ठेवत आणि त्यावरून पंख्याने हवा आत सोडत. ही गाडी आपल्याच रुळांवरून जायची. भाईंदरच्या मिठागरांत भर उन्हात मीठ ओढणाऱ्या आगऱ्यांच्या समोरून, खाडीच्या पुलावरून, बर्फावर थंड केलेला तो डबा निघून जायचा. त्याच मार्गावर लोकांसाठी वातानुकूलित लोकल धावली २५ डिसेंबर २०१७ रोजी. मधे त्र्याऐंशी वर्षं गेली.

घरात एसी यायला दोन गोष्टी घडाव्या लागल्या. एक, देशात यंत्रं बनवणाऱ्या, बसवणाऱ्या कंपन्या. ब्लू स्टार १९४३ची, व्होल्टास १९५४ची, दोन्ही मुंबईच्याच. दुसरी गोष्ट जपानमध्ये झाली. अमेरिकेत घरं ऐसपैस, त्यामुळे एक मोठं यंत्र आणि घरभर पत्र्याच्या हवानळ्या. जपानी घर छोटं, त्यात हवानळ्यांना जागाच नाही. म्हणून यंत्राचे दोन भाग केले. आवाज करणारा आणि तापणारा भाग बाहेर, गार हवा देणारा आत, मधे तांब्याच्या दोन बारीक नळ्या. तोशिबाने १९६१ साली असा एसी आणला, आणि १९८१ साली घरगुती इन्व्हर्टर एसी. हाच आपला स्प्लिट एसी.

मग हीट पंप म्हणजे वेगळं काय? मंडळी, तत्त्वाने काहीच नाही. प्रत्येक एसी हा उष्णतेचा पंपच आहे. विहिरीवरचा पंप पाणी निर्माण करत नाही, खालचं वर आणतो. तसा हा उष्णता इकडची तिकडे नेतो. उलट चालवला तर बाहेरची उष्णता आत आणून घर गरम करेल, हे लॉर्ड केल्व्हिनने १८५२ सालीच सांगितलं होतं. झुरिकचा नगरभवन १९३८ साली नदीच्या पाण्यातल्या उष्णतेवर असाच तापवला गेला. भाच्याच्या घरातलं यंत्र दोन्ही दिशांनी चालतं. आपल्याकडे त्याला 'हॉट अँड कोल्ड' म्हणतात. ते दिल्लीकडे उपयोगी. मीरा-भाईंदरला जानेवारीत फार तर शाल लागते. शालीसाठी यंत्राचे जास्तीचे पैसे मोजू नका.

इथे आपण निवडीच्या प्रश्नावर आलो. निवड पुस्तकावरून करायची नसते, जागेवरून करायची असते. माझे नागपूरचे मित्र म्हणतात, कूलर घे, वीज वाचेल. वाळ्याचा पडदा असो की कूलर, दोन्ही पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतात. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात ते उत्तम. आपल्या दमट हवेत कूलर खोलीत आणखी दमटपणा भरतो. आपला शत्रू नुसता पारा नाही, घाम न सुकणं हा आहे. म्हणून आपल्याला हवेतलं पाणी काढणारं यंत्र हवं.

पण गरजेपेक्षा मोठं नको. साधारण सव्वाशे चौरस फुटांच्या खोलीला एक टन बहुधा पुरतो. वरचा मजला, पश्चिमेची भिंत, मोठी खिडकी असेल तर वाढवा. उगाच मोठा घेतला तर तो खोली झटकन गार करतो आणि थांबतो, ओलावा मात्र तसाच राहतो. इन्व्हर्टर वेग कमी करून चालत राहतो, म्हणून तो आपल्याकडे बरा. ताऱ्यांचं लेबल बघताना त्यावरचं वर्षही बघा. निकष कडक होत जातात. जुलै २०२२ मध्ये ते बदलले तेव्हा कालचा पाच तारे आज चार झाला. आणि खारा वारा विसरू नका. उत्तन, भाईंदर पश्चिम, खाडीकाठ इथे बाहेरच्या भागातलं धातूचं जाळं लवकर खातं. तांब्याची गुंडाळी आणि तिच्यावर गंजरोधक लेप असलेलं यंत्र घ्या. तांब्याला गळती लागली तर तुमच्या गल्लीतला कारागीरही झाळून देतो.

आता भाच्याचा खरा प्रश्न. स्वतः बसवायचा का?

त्याच्याकडे अशा संचाच्या नळ्यांत वायू आधीच भरलेला असतो, नुसत्या जोडायच्या. एरवी वायूला हात लावायचा तर अमेरिकेतही प्रमाणपत्र लागतं. शिवाय त्याचं घर बैठं आहे. बाहेरचा डबा त्याने अंगणात फरशीवर ठेवला. आपल्याकडे नळ्यांची तोंडं फुलवून जोडायची, पंपाने आतली हवा आणि ओलावा पूर्ण काढायचा, मग वायू सोडायचा. आजच्या बहुतेक एसीतला आर-३२ हा वायू थोडा ज्वलनशीलही आहे. आणि आपलं अंगण म्हणजे चौथ्या मजल्याचा छज्जा.

मागच्या मे महिन्यात समोरच्या इमारतीत एक मुलगा असाच छज्जावर उभा होता. वीस-बावीस वर्षांचा असेल. एका हाताने ग्रिल धरलेलं, दुसऱ्या हातात पाना. आतून त्याच्या जोडीदाराने त्याच्या पँटचा पट्टा धरला होता. दोरी नाही, काही नाही. मी गॅलरीत चहा पीत उभा होतो. चहा पुढे गेला नाही. मला भिंतीपलीकडचा तो पंखेवाला आठवला. दोनशे वर्षांत यंत्र बदललं, भिंतीबाहेरचा माणूस तिथेच आहे.

आणि भिंतीबाहेर शेजारीही आहे. दीड टनाचा एसी आतून सव्वापाच किलोवॅट उष्णता काढतो, स्वतः दीडेक किलोवॅट वीज खातो आणि या दोन्हींची बेरीज बाहेर टाकतो. म्हणजे माझ्या खिडकीबाहेर जवळजवळ सात इस्त्र्या चालू ठेवल्यासारखं. माझ्या वरच्या घराची खिडकी उघडी असेल तर? नव्या टॉवरांत एकाच अरुंद खाचेत एकावर एक डबे रचतात. खालच्याची गरम हवा वरचा डबा ओढून घेतो आणि त्याचं बिल वाढतं. उष्णता नाहीशी होत नाही. तुम्ही ती कोणाच्या तरी दारात ठेवून येता.

म्हणून भाच्याला मी कळवलं ते असं. स्वतः करायच्या गोष्टी मी स्वतः केल्या. खोली मोजली. जुन्या वायरिंगवर एसी चालवायचा नाही म्हणून इलेक्ट्रिशियनकडून मीटरपासून वेगळी वायर, वेगळा एमसीबी आणि अर्थिंग करून घेतलं. पाण्याच्या नळीला उतार मिळेल अशी आणि बाहेरच्या डब्याला मोकळी हवा मिळेल अशी जागा शोधली. वरच्या मजल्यावरच्या वहिनींना विचारलं, सोसायटीची परवानगी घेतली. छज्जा टाळून डबा गॅलरीत आतल्या बाजूला बसवला. त्यासाठी माझी तुळस आणि खुर्ची हलली. यंत्र बसवायला येणारा मुलगा घरात उभा राहून काम करू शकला. वायूचं काम त्याचंच, ते त्यालाच करू दिलं. पण बाहेर लटकायचं काम मी त्याला दिलं नाही. एसी चोवीस अंशांवर ठेवतो, पंखाही लावतो. जानेवारी २०२०पासून नवे एसी चालू करताच चोवीसवरच सुरू होतात, ते सोयीचं आहे.

भाचा म्हणाला, "मामा, म्हणजे तुम्ही स्वतः बसवला नाहीच." मी म्हटलं, "बाबा रे, पाना मी धरला नाही. पण कुठे, केवढा आणि कोणाच्या जिवावर, हे मी ठरवलं." तुमच्या घरी या उन्हाळ्यात एसी येणार असेल, तर दुकानात जाण्याआधी एकदा आपल्या खिडकीतून बाहेर वाकून बघा. बाहेर कोण उभा राहणार आहे, आणि वर कोण राहतं, ते बघा. मग टनाचा आकडा सांगा.