यूटू, आयर्लंड आणि इतिहासाचा तास

गेले दोन महिने मी दुपारच्या वेळी यूटू ऐकते आहे. एकेक अल्बम, पहिल्यापासून, क्रमाने. घरातल्यांना याची गंमत वाटते. सत्तरी ओलांडलेली, मराठी माध्यमात शिकलेली, जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेली बाई आणि आयरिश रॉक बँड! पण मंडळी, ही आवड जुनी आहे. नव्वदच्या सुमारास मुलाने काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून (ते दुकान २०१६ साली बंद झालं) 'द जोशुआ ट्री'ची कॅसेट आणली आणि ती त्याच्यापेक्षा मीच जास्त वाजवली. कॅसेटच्या डबीतल्या कागदावर बारीक अक्षरांत छापलेली गाणी शब्दकोश घेऊन वाचली. हळूहळू बाकीच्या कॅसेटीही जमल्या.

आयर्लंड म्हणजे आमच्या पाठ्यपुस्तकात होमरूलच्या धड्यातली एक ओळ. तो शब्दच तिकडून आलेला. टिळकांनी बेळगावला होमरूल लीग काढली ती एप्रिल १९१६ मध्ये, आणि डब्लिनमधला ईस्टरचा उठाव झाला तोही त्याच महिन्यात. पण याला दुसरी बाजू आहे. जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचा कारभार पाहणारा मायकेल ओड्वायर आयर्लंडच्या टिपररीचा. गोळीबाराचा हुकूम देणारा डायरही शाळा शिकला आयर्लंडातल्याच कॉर्क परगण्यात. म्हणजे राज्याखाली भरडलेले आणि राज्य चालवणारे, दोन्ही त्याच बेटावरचे. असा गुंता ज्यांच्या घरात आहे त्यांनी आपल्या इतिहासावर गाणी करायची तरी कशी?

या बँडचा जन्म शाळेतला, हे मला विशेष आवडतं. १९७६ साली डब्लिनच्या माउंट टेंपल शाळेत लॅरी मलन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाने सूचनाफलकावर चिठ्ठी लावली की मला बँड काढायचा आहे, कोण येतं? शाळेत कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोन्ही मुलं एकत्र शिकायची, आणि त्या काळच्या आयर्लंडात ही साधी गोष्ट नव्हती. गायक बोनो याचे वडील कॅथलिक, आई प्रॉटेस्टंट. गिटारवाला एज याचे आईवडील वेल्समधून आलेले प्रॉटेस्टंट. सूचनाफलकावरच्या चिठ्ठ्यांकडे मी त्यानंतर जरा आदराने पाहू लागले.

पहिले दोन अल्बम मी भराभर ऐकून संपवले. खरी गोष्ट सुरू होते १९८३ च्या 'वॉर'पासून. त्यातलं पहिलंच गाणं 'संडे ब्लडी संडे'. ३० जानेवारी १९७२ ला उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात नागरी हक्कांच्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळ्या झाडल्या. तेरा जण त्याच दिवशी गेले, एक नंतर. अशा प्रसंगावर गाणं करायचं तर आयर्लंडमध्ये ठरलेली वाट होती: बंडाची गाणी, आपल्या पोवाड्यांसारखीच जुनी आणि रक्त तापवणारी. बोनो मंचावरून आधीच सांगायचा, हे बंडाचं गाणं नव्हे. आणि हातात पांढरं निशाण घ्यायचा. मारणाऱ्याला माफी नाही, पण सूड घ्या असंही नाही. नुसतं किती दिवस चालायचं हे, असं विचारणं.

१९९३ च्या जानेवारीत, दंगलीनंतर शाळा पुन्हा भरली तेव्हा वर्गात मुलं एकमेकांना काय काय विचारत होती ते मी ऐकलं आहे. अशा वेळी इतिहासाच्या शिक्षकाला शब्द हवे असतात. गेलेल्यांना न विसरणारे, पण शेजारच्या बाकावरच्या मुलाकडे बोट न दाखवणारे. ते पुस्तकात नव्हते. त्या दिवसांत हे गाणं मी किती वेळा लावलं असेल!

८ नोव्हेंबर १९८७ ला एनिस्किलन गावात, महायुद्धातल्या मृतांच्या स्मरणासाठी जमलेल्या लोकांत आयआरएचा बॉम्ब फुटला. अकरा जण गेले. त्याच रात्री हा बँड अमेरिकेत डेन्व्हरला गात होता. गाण्याच्या मध्येच थांबून बोनो अमेरिकेत बसून आयर्लंडच्या 'क्रांती'च्या गप्पा मारणाऱ्यांवर अक्षरशः तुटून पडला. 'रॅटल अँड हम' (१९८८) या चित्रपटात ते आहे, अल्बममध्ये मात्र नाही. आपल्याच बाजूच्या लोकांना असं सुनावायला फार धैर्य लागतं. शत्रूला शिव्या कोणीही देईल.

'द जोशुआ ट्री' (१९८७) माझा सगळ्यात लाडका. 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम' या गाण्यामागे बेलफास्टची एक गोष्ट आहे. तिथे माणसाने राहत्या गल्लीचं नाव सांगितलं की त्याचा धर्म आणि त्याची ऐपत, दोन्ही कळायचं. आमच्या नव्या मुंबईत सिडकोने सेक्टरना नुसते आकडे दिले. पुष्कळ जण त्याला रुक्ष म्हणतात, मला तो आकडा बरा वाटतो. (आपल्याकडे आडनाव असतंच म्हणा बाकीचं सांगायला!)

हा सबंध अल्बम त्यांनी १५ डिसेंबर २०१९ ला आमच्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये वाजवला. भारतातला त्यांचा पहिलाच कार्यक्रम आणि त्या दौऱ्यातला शेवटचा. मुलगा मला घेऊन गेला. सुरुवात 'संडे ब्लडी संडे'ने झाली. पुढे ए. आर. रहमान मुलींसह आले आणि 'अहिंसा' हे गाणं झालं. आवाज मात्र फार मोठा हो! कापूस नेला होता म्हणून निभावलं.

मधले 'आख्टुंग बेबी' (१९९१) आणि 'पॉप' (१९९७) मी ऐकले, पण त्यांवर लिहिण्याइतकी माझी तयारी नाही. 'वन' मात्र उत्तम.

१० एप्रिल १९९८ ला शांतता करार झाला. जनमताच्या आधी बेलफास्टच्या मंचावर बोनोने जॉन ह्यूम आणि डेव्हिड ट्रिंबल या दोन बाजूंच्या नेत्यांचे हात धरून उंच केले. उत्तर आयर्लंडमधल्या ७१ टक्के मतदारांनी होकार दिला. आणि १५ ऑगस्टला, आपल्या स्वातंत्र्यदिनीच, ओमा गावात बॉम्ब फुटून २९ माणसं गेली. 'ऑल दॅट यू कान्ट लीव्ह बिहाइंड' (२०००) मधल्या 'पीस ऑन अर्थ'मध्ये त्यांच्यापैकी काहींची नुसती पहिली नावं येतात. इथे बोनोचा धीर सुटलेला आहे. देवावरही राग आहे. मला हे गाणं 'संडे'पेक्षा मोठं वाटतं, कारण यात घोषणा देण्यासारखं काही उरलेलंच नाही.

डेरीचे मृत निर्दोष होते हे सरकारी चौकशीने सांगायला १५ जून २०१० उजाडावं लागलं. पंतप्रधान कॅमरन यांनी संसदेत माफी मागितली. हेच कॅमरन २०१३ मध्ये अमृतसरला आले, जालियनवाला बागेतल्या प्रकाराला लज्जास्पद म्हणाले, माफी मात्र मागितली नाही. असो.

सध्या 'साँग्ज ऑफ इनोसन्स' (२०१४) पाशी अडकले आहे. त्यात 'रेझ्ड बाय वुल्व्हज' हे गाणं १७ मे १९७४ च्या स्फोटांवर आहे. त्या दिवशी डब्लिन आणि मोनाहनमध्ये मिळून ३३ जण गेले. बोनोचा एक लहानपणचा मित्र, अँडी रोवन, अकरा वर्षांचा, वडिलांबरोबर तिथे होता आणि त्याने ते सगळं पाहिलं. 'वॉर'च्या मुखपृष्ठावर ज्या मुलाचा चेहरा आहे तो पीटर रोवन, याच अँडीचा धाकटा भाऊ. म्हणजे १९८३ साली घरोघरी पोचलेल्या त्या चेहऱ्यामागच्या घरात ही गोष्ट होतीच, गाण्यात यायला चाळीस वर्षं लागली. कॅसेटवरचं ते चित्र काढून पुन्हा बघितलं. पुढचा अल्बम अजून लावलेला नाही.