आंदर मावळ : दवाखाना गावापासून किती लांब?

आंदर मावळ म्हणजे मावळ तालुक्यातलं आंद्रा नदीचं खोरं. कान्हे फाट्यावरून आत वळलं की टाकवे बुद्रुक लागतं. तिथून रस्ता वडेश्वर, माऊ करत सह्याद्रीच्या कड्याजवळच्या खांडीकडे जातो. टाकव्यात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, कान्ह्याला सरकारी रुग्णालय. टाकव्यातून बघितलं तर सोय जवळच वाटते. वरच्या वाडीवरून, पावसाळ्यातल्या रात्री बघितलं की हिशेब बदलतो.

सरकारी निकष लोकसंख्येवर ठरलेत. सपाट भागात 30 हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात 20 हजारांमागे. उपकेंद्रासाठी हेच आकडे 5 हजार आणि 3 हजार. डोंगराला सवलत दिली खरी, पण मोजली जातात ती डोकी, अंतर नाही. विखुरलेल्या वाड्यांमधून 20 हजार माणसं भरायची तर केंद्राची हद्द लांबवर पसरणारच. त्यात ठोकळवाडी धरणाचं पाणी मध्ये. या पाण्यावर 1922 पासून भिवपुरीला वीज तयार होते आणि मुंबईला जाते. ती कंपनीही या खोऱ्याच्याच नावाने निघाली होती, हे आता फार थोड्यांना ठाऊक असेल.

बाळंतपणात आई का दगावते, यावर 1994 साली थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासकांनी एक मांडणी केली. त्यांनी तीन उशीर सांगितले : दवाखान्यात न्यायचं हे घरात ठरायला लागणारा, वाटेत होणारा आणि दवाखान्यात पोचल्यावर उपचार सुरू व्हायला लागणारा. जगभरात आजही ही मांडणी वापरतात. वाडीवर पहिला आणि दुसरा उशीर एकमेकांत गुंतलेले असतात. गाडी मिळणार नाही असं वाटलं की माणसं ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणतात. त्याला अडाणीपणा म्हणणं सोपं आहे, पण घरच्यांनी रस्त्याचाच हिशेब केलेला असतो.

अंतर कमी होत नसेल तर काळजी घरापर्यंत न्यायची, हे गडचिरोलीत करून दाखवलं गेलं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवलं. जन्मानंतर पहिल्या महिन्यातले बाळमृत्यू तिथे हजारी 62 होते, ते सुमारे 25 वर आले. हा अभ्यास 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात त्याचं मूळ इथे आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी भेट असते. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. भेट चुकली तर घरच्यांनी विचारायला हरकत नाही.

गाडीचं म्हणाल तर 108 ही तातडीची रुग्णवाहिका राज्यात 2014 पासून आहे. गरोदर आई आणि आजारी बाळासाठी 102. सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरून ने-आण हे 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. बाळ एक वर्षाचं होईपर्यंत त्याच्या आजारपणालाही हे लागू आहे. वाडीत रेंज कुठे येते हे घरातल्या प्रत्येकाला आधीच माहीत असलेलं बरं.

सगळ्यात मागे राहतात ती कातकरी कुटुंबं. राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी ही एक. दिवाळीनंतर अनेक घरं वीटभट्टीवर जातात. आशाताईची वही गावाची, आणि बाळ तर भट्टीवर. अशा वेळी माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावं. ते दाखवून जवळच्या कुठल्याही सरकारी केंद्रात पुढची लस घेता येते.