पदराआडची गाठ

आपल्या कोलाड-रोह्याकडे कॅन्सर म्हटलं की पाठोपाठ 'टाटा' हे नाव येतंच. या दवाखान्याच्या मुळाशी एका बाईचं आजारपण आहे, हे मात्र आपल्यापैकी थोड्याच जणींना ठाऊक असेल.

मेहरबाई टाटा बालविवाहाविरुद्ध बोलणाऱ्या, बायकांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या. १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने त्या विलायतेत वारल्या. असे उपचार आपल्या देशात मिळावेत, असं त्यांचे यजमान दोराबजी यांनी मनात धरलं. पुढच्याच वर्षी तेही गेले. पण काम थांबलं नाही. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं.

त्या काळी स्तनाच्या कॅन्सरला बहुधा एकच ऑपरेशन असे. सगळा स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतल्या गाठी काढून टाकत. १९८०च्या दशकात इटली आणि अमेरिकेतल्या अभ्यासांनी दाखवून दिलं, की गाठ लहान असताना तेवढाच भाग काढून शेक, म्हणजे रेडिएशन, दिलं तरी बाई तितकीच जगते. म्हणजे लवकर गेलं तर जिवाबरोबर स्तनही वाचू शकतो.

१९९८ साली टाटाच्या डॉक्टरांनी मुंबईत सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यातल्या निम्म्या जणींना प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलं. वीस वर्षांनी पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या आजाराचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झालेले आढळले. पन्नाशीखालच्या बायकांमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही.

म्हणून आमचं आजचं सांगणं तरुण मैत्रिणींना आहे. तुम्ही शिबिराची वाट बघत बसू नका. तिशीतली, अंगावर पाजणारी बाई गाठ लागली की 'दुधाची असेल' म्हणून गप्प बसते. बहुतेक गाठी साध्याच निघतात, हे खरं. पण ते सोनोग्राफी आणि सुईच्या तपासणीने ठरतं, शेजारणीच्या अंदाजाने नाही. नवी गाठ, त्वचेला पडलेली खळी, आत ओढलं गेलेलं बोंड, त्यातून येणारं रक्त, काखेतली गाठ, यातलं काहीही दिसलं तर दुखत नसलं तरी दाखवा.

आजार निघालाच, तर उपचार महिनोन् महिने चालतात. केमोने केस गळतात, ते बहुधा पुन्हा येतात. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. टाटाचं खारघरचं केंद्र तर आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे.

पण बाई टिकून राहते ती घरच्या आणि गटाच्या आधारावर. आपल्यातली एखादी आजारी पडली, तर एकीने तिची पोरं सांभाळावी, एकीने सोबत जावं, बाकीच्यांनी तिच्या घरची चूल बघावी. औषधाची पाळी चुकू द्यायची नाही, एवढं आपण बायका नक्की करू शकतो.