धन्वंतरी महालापासून लसीच्या कारखान्यापर्यंत

तंजावरच्या मराठी राज्याचा विषय निघाला म्हणजे सरस्वती महालातील ग्रंथसंपदा आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरील १८०३ सालचा भोसले वंशाचा शिलालेख यांचे स्मरण आम्हांस प्रथम होते, आणि ते उचितच आहे. परंतु सरफोजी महाराजांनी मागे ठेवलेला आणखी एक वारसा सुवर्णमहोत्सवी वर्षात आठवावा असे आम्हांस वाटते. तो म्हणजे औषध गरिबाच्या हाती पोहोचलेच पाहिजे, हा विचार.

महाराज १७९८ साली गादीवर बसले. त्याच वर्षी इंग्लंडात एडवर्ड जेन्नर यांनी गोस्तन देवीच्या लसीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढील वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला व महाराजांकडे किल्ला आणि भोवतालचा अल्प प्रदेश उरला. सत्ता गेली, पण विद्येची ओढ गेली नाही. धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा चारही पद्धतींची औषधे पारखली जात व रुग्णांस दिली जात. नेत्ररोग्यांच्या चिकित्सेच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या जात. राज्यातील छत्रांत वाटसरूस अन्न मिळेच; शिवाय आजाऱ्यास औषध आणि गर्भवतीस बाळंतपणानंतरही आश्रय मिळत असे. १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रात महाराजांनी या व्यवस्थेची बाजू आग्रहाने मांडली आहे.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस हिंदुस्थानातील पहिली देवीची लस टोचली गेली. बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने आलेली ही लस पुढे मद्रास इलाख्यातही पोहोचली. त्या काळी लस बाटलीत टिकत नसे. एका बालकाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्याच्या दंडावर ती न्यावी लागे. माणसांची साखळी तुटली की लसही संपे. पैशापेक्षा माणसामाणसांतील विश्वास हाच तेव्हा तिचा खरा आधार होता.

१८५५ साली तंजावरचे राज्य खालसा झाले. एका उदार पुरुषाच्या दानावर उभी असलेली आरोग्यव्यवस्था त्याच्या वंशाच्या सत्तेबरोबर क्षीण होते, हा धडा त्यातून मिळतो. पुढचा काळ प्रयोगशाळांचा आला. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली. तीच आजची हाफकिन संस्था. तमिळनाडूत गिंडीची किंग संस्था आणि कुन्नूरची पाश्चर संस्था याच परंपरेतील होत.

सरकारी प्रयोगशाळांनंतर खाजगी कारखाने आले. पुण्याचे सायरस पूनावाला आपल्या तबेल्यातील निवृत्त घोडे रक्तजल काढण्यासाठी हाफकिन संस्थेस देत असत. हे काम आपणच करावे, या विचारातून १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली कावीळ-बच्या विषाणूचे जनुक यीस्टच्या पेशीत घालून लस बनविली आणि परदेशी लसीच्या महागाईला आळा बसला. २०१० साली सीरमची मेंदूज्वरावरील लस आफ्रिकेतील बुर्किना फासोत पोहोचली. तिची किंमत मात्रेमागे अर्ध्या डॉलरहून कमी होती. लस मोठ्या प्रमाणावर आणि खात्रीच्या मागणीवर बनली, तर किमतीचा भार कसा हलका होतो, हे त्यावरून दिसते.

तथापि स्वस्ताईचा प्रत्येक मार्ग निर्धोक नाही. जानेवारी २००८ मध्ये कसौली, कुन्नूर आणि गिंडी येथील तीन सरकारी लस संस्थांचे उत्पादन परवाने निर्मितीचे निकष न पाळल्याच्या कारणावरून स्थगित झाले. ती स्थगिती २०१० साली उठली. मधल्या काळात मुलांच्या लसींसाठी देशास खाजगी कारखान्यांवर भिस्त ठेवावी लागली. दान करणाऱ्याची गादी जाते, सरकारी संस्थेची देखभाल ढिली पडते, व्यापाऱ्याचे लक्ष नफ्याकडे असते. तेव्हा यांपैकी कोणा एकावर सारा भरवसा ठेवणे शहाणपणाचे नाही.

तमिळ भूमीत साडेतीन शतके नांदलेल्या आम्हां मराठी मंडळींस याचे महत्त्व विशेष आहे. देवीचा रोग १९८० साली जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. त्या यशामागे अनेक राज्ये, अनेक भाषा आणि नाव न राहिलेल्या अनेक माता होत्या, ज्यांनी आपल्या लेकरांचे दंड पुढे केले. धन्वंतरी महालाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी आपल्या पेठेतील एकही बालक लसीवाचून राहू नये एवढे पाहिले, तरी महाराजांचा वारसा आपण खऱ्या अर्थाने चालविला असे होईल.