बाष्पीभवन पात्र ते ‘फुले जल’
भंडारदरा धरण १९२६ साली पुरं झालं, तरी आमच्या नगर जिल्ह्यात उसाचं पाणी बरीच वर्षं पाटकऱ्याच्या पाळीवरच चाललं. १९६८ साली राहुरीचं कृषी विद्यापीठ झालं. तिथे जाळी लावलेल्या चार फुटी बाष्पीभवन पात्रातलं पाणी किती मिलिमीटर घटलं, ते आम्ही रोज सकाळी वहीत लिहायचो. पुढे विद्यापीठाच्या सिंचन अभियंत्यांनी हवामानावरून बाष्पोत्सर्जन काढणारं पेनमन-माँटिथ सूत्र ‘फुले जल’ ॲपमध्ये बसवलं. सूत्राला वारा दोन मीटर उंचीवरचा, मीटर प्रतिसेकंदात लागतो. आमच्या नोंदी ताशी किलोमीटरच्या. प्रोग्रॅमर पोरगं दर रकान्याला विचारी, ‘सर, एकक कोणतं?’ विचारायचं ते बरंच करायचं. पण शेतकऱ्याला ॲपमधल्या मिलिमीटरशी काय देणंघेणं? मोटर किती वेळ चालवू, एवढंच तो विचारतो. त्याच्यासाठी मग ‘फुले इरिगेशन शेड्युलर’ हे ॲप आलं.