फाइलींची बखर

मंडळी, इतिहास म्हटला की आपल्याला राजे, तह, लढाया आठवतात. आज आपण संगणकातल्या फाइलींच्या इतिहासाकडे वळू. त्याला ‘व्हर्जन कंट्रोल’ म्हणतात. फाइल बदलली तरी तिचं जुनं रूप, बदल करणाऱ्याचं नाव आणि वेळ जपून ठेवायची, एवढंच त्याचं काम. पण इतिहास नेमका कशाचा ठेवायचा, आणि तो कुणाच्या ताब्यात असावा?

1972 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी ‘एससीसीएस’ तयार केलं. दर वेळी अख्खी फाइल साठवायची नाही, फक्त फरक नोंदवायचा. 1980 नंतर पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी ‘आरसीएस’मध्ये ही मांडणी बदलली: ताजी प्रत पूर्ण ठेवायची आणि फरक मागे मागे जात नोंदवायचे. कारण साधं आहे, माणसं बहुधा ताजीच प्रत मागतात! पण इथे इतिहास होता तो एकेका फाइलीचा. शिवाय एकानं फाइल कुलूपबंद केली की दुसऱ्यानं थांबायचं.

अ‍ॅमस्टरडॅमच्या डिक ग्रूने यांना दोन विद्यार्थ्यांबरोबर एकाच कंपायलरवर काम करायचं होतं. त्यातून आलेल्या ‘सीव्हीएस’नं थांबणं संपवलं, सगळ्यांनी आपापलं काम करावं, बदल मागाहून जुळवावेत. तरी दहा फाइलींतला एक बदल म्हणजे दहा सुट्या नोंदीच. 2000 साली सुरू झालेल्या ‘सबव्हर्जन’नं अशा बदलाला एकच क्रमांक दिला. फाइलीचा इतिहास आता प्रकल्पाचा झाला. पण तो राहायचा एका सर्व्हरवर.

ताब्याचा प्रश्न ऐरणीवर आला 2005 मध्ये. लिनक्सचं काम 2002पासून ‘बिटकीपर’ या खासगी कंपनीच्या साधनावर चालत होतं. त्याचा मोफत वापर बंद झाला. तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिलमध्ये ‘गिट’ लिहायला घेतलं आणि काही दिवसांतच गिटचा स्वतःचा इतिहास गिटमध्ये नोंदला जाऊ लागला. गिटमध्ये प्रत्येकाच्या प्रतीत सहसा पूर्ण इतिहास असतो. प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा असतो. म्हणून जुनं काही गुपचूप बदललं, तर पुढचे सगळे ठसे बदलतात.

आता गंमत बघा. लिनक्सच्या गिटमधली पहिली नोंद 16 एप्रिल 2005ची. 1991पासूनची वाटचाल टोरवाल्ड्स यांनी मुद्दामच तिच्यात घेतली नाही. इतिहास कुठून सुरू करायचा, हेही कुणीतरी ठरवतंच.

आज काही जण संपूर्ण संगणकाच्या मांडणीवर गिटची नजर ठेवतात. लिनक्समधल्या ‘ईटीसी’ या सेटिंग्जच्या डिरेक्टरीसाठी ‘ईटीसीकीपर’ हे साधन आहे. काल चालणारं आज का बंद पडलं, हे त्यातून शोधता येतं. पण गिट फाइलीचा मालक कोण हे नोंदवत नाही, रिकामी डिरेक्टरी त्याला दिसत नाही. ती उणीव ईटीसीकीपरला वेगळ्या नोंदीनं भरून काढावी लागते. आणि एकदा पासवर्ड नोंदला गेला की फाइल पुसली तरी तो इतिहासात राहतोच.

म्हणजे काय, तर यंत्र फरक जपतं, पण ‘का बदललं’ हे त्याला कळत नाही. ती एक ओळ माणसानंच लिहावी लागते. ती नसेल, तर आपल्यापाशी नोंदींचा ढीग असतो, इतिहास नसतो.